सामाईक भुजा आणि तिसरी अट

शाळेच्या भूमितीत संलग्न कोनांची व्याख्या तीन अटींची असते. दोन्ही कोनांचा शिरोबिंदू एकच हवा. त्यांची एक भुजा सामाईक हवी. आणि दोघांच्या अंतर्भागांत एकही सामाईक बिंदू नको. म्हणजे उरलेल्या दोन भुजा सामाईक भुजेच्या दोन वेगळ्या अंगांना हव्यात. पहिल्या दोन अटी मुले घडाघडा म्हणतात. तिसरी निसटते. निसटली तरी काही राहून गेले असे त्यांना वाटत नाही, कारण ती कशासाठी आहे हे सहसा कोणी सांगितलेलेच नसते.

या लेखात मला त्या तिसऱ्या अटीविषयी आणि ‘संलग्न’ या शब्दाविषयी लिहायचे आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. भूमिती मी चाळिशीनंतर, जुनी गणिताची पुस्तके जमवता जमवता, आपली आपण शिकलो. त्यामुळे माझी नजर आधी शब्दावर जाते, मग आकृतीवर. गणिताच्या प्राध्यापकांना ही वाट उलटी वाटेल. पण मराठीत भूमिती जेव्हा आली तेव्हा ती शब्द शोधतच आली, आणि शब्द निवडणाऱ्यांनी काय घेतले, काय सोडले, हे वर्गात आजही भोगावे लागते.

आधी आकृती पाहू. म या बिंदूपासून तीन किरण निघतात : मअ, मब आणि मक. मब मधला आहे. कोन अमब ३० अंशांचा, कोन बमक ५० अंशांचा. हे दोन संलग्न आहेत. आता कोन अमब आणि कोन अमक यांची जोडी घ्या. शिरोबिंदू तोच, मअ ही भुजाही सामाईक. तरी हे संलग्न नाहीत, कारण पहिला कोन दुसऱ्याच्या पोटात आहे. त्यांना संलग्न म्हणणे म्हणजे घराला आणि त्याच घरातल्या माजघराला एकमेकांचे शेजारी म्हणणे. बेरीज करून पाहिली की फरक उघडा पडतो. पहिल्या जोडीची बेरीज ८० अंश, आणि ८० अंशांचा कोन अमक आकृतीत समोर दिसतो. दुसऱ्या जोडीची बेरीज ३० अधिक ८०, म्हणजे ११० अंश. त्या मापाचा कोन आकृतीत कुठेच नाही. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला हा प्रकार ओळखीचा आहे : एकच रक्कम दोन खात्यांत धरली की ताळा बसत नाही. तिसरी अट ही कोनांच्या बेरजेची परवानगी आहे. ती पाळली तरच दोन मापे मिळवून आकृतीतल्या तिसऱ्या कोनाचे माप हाती येते.

हीच गोष्ट खेड्यातल्या कोणालाही भूमितीवाचून ठाऊक असते. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात : पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. बोलताना माणूस म्हणतो, ‘माझ्या लगत त्याचं शेत आहे.’ या ‘लगत’मध्ये दोन गोष्टी एकदमच येतात. मधला बांध दोघांचा आहे, आणि बांधाच्या अलीकडे त्याचे काही नाही, पलीकडे माझे काही नाही. विदर्भात बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्याला धुरा लागलेल्या शेतकऱ्यांना धुरेकरी. दोघांपैकी एकाने दरवर्षी नांगराचे एक तास बांधात घातले की त्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात, आणि त्यावरून काय काय होते ते तालुक्याच्या कोर्टात जाऊन पाहावे. एका गटाचे पोटहिस्से पाडले की त्यांच्या क्षेत्रांची बेरीज मूळ गटाच्या क्षेत्राइतकी आली पाहिजे. जास्त आली तर कुठेतरी एक हिस्सा दुसऱ्यावर चढला आहे. तीन अटींपैकी जी मुलांच्या तोंडून निसटते तीच शेतकऱ्याच्या डोक्यात पहिली असते.

पाठ्यपुस्तकांतून संलग्न कोनांना ‘लगतचे कोन’ असा पर्यायही दिलेला आढळतो. पण तो नुसता पर्याय म्हणून येतो. मुख्य शब्द ‘संलग्न’च राहतो. या शब्दाचे आजच्या मराठीत काय झाले आहे ते पाहावे. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते, आणि दोहोंत शेदीडशे किलोमीटर अंतर असू शकते. अर्जाला कागदपत्रे संलग्न असतात. खोलीला स्वच्छतागृह संलग्न असते. या सगळ्या उदाहरणांत एक मुख्य आणि दुसरे त्याला जोडलेले आहे. लगतपणा तसा नसतो. मी तुझ्या लगत असेन तर तूही माझ्या लगत असतोसच. ‘संलग्न’ चिकटण्याची गोष्ट सांगतो, एकमेकांत न शिरण्याची सांगत नाही. पोटातला कोनही मोठ्या कोनाला चिकटलेलाच आहे की!

हिंदीतला शब्द आणखी सैल आहे. तिथे ‘आसन्न कोण’ म्हणतात. आसन्न म्हणजे जवळचा, निकटचा. आर्यभटाने वर्तुळाच्या परिघाचे प्रसिद्ध माप दिले, ज्यातून ३.१४१६ हे गुणोत्तर निघते, तिथे त्याने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे हे माप तंतोतंत नाही, जवळचे आहे. इतक्या काटेकोर संशयासाठी योजलेला शब्द सामाईक भुजा दाखवायला वापरावा, हे मला पटत नाही. जवळ असणे म्हणजे टेकलेले असणे नव्हे. या एका बाबतीत मराठी शब्द सरस ठरतो : संलग्नमध्ये निदान मध्ये फट नाही.

ग्रीकमध्ये मात्र वेगळीच कल्पना आहे. युक्लिडने या कोनांसाठी ‘एफेक्सेस’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ ओळीने, एकापाठोपाठ. रांगेत उभी माणसे जशी एकापुढे एक असतात तसे हे कोन : एक संपला की दुसरा सुरू. संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, म्हणून तिसरी अट या शब्दाच्या अर्थातच मुरलेली आहे. गंमत अशी की पहिल्या पुस्तकाच्या आरंभी युक्लिडने तेवीस व्याख्या दिल्या. बिंदू, रेषा, पृष्ठ, वर्तुळ सगळ्यांच्या दिल्या. पण संलग्न कोनाची दिली नाही. तो शब्द त्याने सरळ वापरला. आणि वापरला कुठे, तर काटकोनाच्या व्याख्येत. दहावी व्याख्या आशयाने अशी : एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी केली असता होणारे लगतचे दोन कोन जर समान असतील, तर त्या प्रत्येकाला काटकोन म्हणावे.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या मते आपल्या शालेय भूमितीची मोठी हानी याच जागी झाली आहे. काटकोन म्हणजे काय, असे विचारले की आपला मुलगा सांगतो, ‘नव्वद अंशांचा कोन.’ नव्वद का? कारण कोनमापकावर तसे लिहिले आहे. वर्तुळाचे ३६० भाग ही माणसाने ठरवलेली सोय आहे. बाबिलोनी लोकांच्या साठाच्या हिशेबातून आलेली. ती नसती तरी काटकोन असताच. युक्लिडच्या व्याख्येत अंश नाहीत, माप नाही, उपकरण नाही. फक्त लगतचे दोन कोन आणि त्यांची समानता आहे. लगतपणा ही काटकोनाच्याही आधीची कल्पना आहे. आपण ती काटकोन, लघुकोन, विशालकोन शिकवून झाल्यावर, कोनांच्या जोड्यांचे प्रकार सांगताना, जणू एक जादा नाव म्हणून शिकवतो.

सुताराकडे ही व्याख्या अजून जिवंत आहे. सुताराचा गुण्या बरोबर आहे की नाही हे तो कशाने तपासतो? कोनमापक त्याच्या पेटीत नसतो. तो फळीची सरळ कड घेतो, गुण्याचा दांडा कडेला टेकवतो आणि पात्याच्या बाजूने पेन्सिलीने रेघ मारतो. मग गुण्या उलटा करतो, दांडा त्याच कडेला पण दुसऱ्या अंगाने टेकवतो, आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारतो. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा. आणि जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. हे निम्मे का, तर दोन्ही वेळची चूक दोन उलट अंगांना पडून दुप्पट दिसते. सुतार जे करतो ते युक्लिडची दहावी व्याख्या अक्षरशः करून पाहणे आहे : रेघेच्या डावीकडचा कोन आणि उजवीकडचा कोन सारखे आहेत का? शेतजमीन मोजणाऱ्यांच्या जुन्या शंकू-साखळीच्या पद्धतीतही हेच. साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची; तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि शंकू म्हणजे दोन आडव्या-उभ्या फटींतून नजर टाकून काटकोन साधायचे साधन. तो खरा आहे का हे पाहायचे तर पाव फेरा फिरवून तीच खूण दुसऱ्या फटींतून पुन्हा दिसते का ते बघतात. कागदाची घडी घालून काटकोन करणारे मूलही तेच करते : आधी एक सरळ घडी, मग ती घडी स्वतःवरच दुमडायची.

अर्थात युक्लिडच्या व्याख्येतून एक प्रश्न उरतो. या सुताराचा काटकोन आणि पलीकडच्या गावच्या सुताराचा काटकोन सारखाच कशावरून? प्रत्येकाने आपापल्या फळीवर लगतचे कोन समान केले एवढेच ठरले. युक्लिडला ही अडचण दिसली होती. म्हणूनच त्याचे चौथे गृहीतक सांगते की सगळे काटकोन एकमेकांशी समान असतात. अंशांनी सुरुवात करणाऱ्या मुलाला हे गृहीतक हास्यास्पद वाटते : नव्वद म्हणजे नव्वदच ना! व्याख्या बदलली की प्रश्नच नाहीसा होतो, आणि प्रश्न नाहीसा झाला की त्यामागचा विचारही.

मराठीत हा शब्दसंसार कसा आला ते थोडक्यात सांगतो. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’तील क्षेत्रव्यवहारात भुज, कोटी, कर्ण, लंब, आबाधा भेटतात, कोनाचे माप भेटत नाही. आपल्या ज्योतिषात वक्रता मोजायची ती कंसाने आणि ज्येने. ‘कोण’ म्हणजे कोपरा, किंवा ईशान्य-आग्नेय अशी उपदिशा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडचे पंधरा अध्याय नासिरुद्दीन तुसीच्या अरबी संस्करणावरून संस्कृतात आणले. तो ‘रेखागणित’ ग्रंथ. कोपऱ्याचा कोन व्हायला, म्हणजे त्याची तुलना आणि बेरीज करता यायला, या ग्रंथाने वाट करून दिली. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत तो १९०१-०२मध्ये दोन भागांत छापला गेला. पण मराठी शाळेत भूमिती त्याच्याही आधी, दुसऱ्याच दाराने आली होती. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने हटनच्या इंग्रजी गणितग्रंथावरून मराठी पुस्तके तयार केली. तसेच काम गुजरातीतही झाले. काटकोन, कोटिकोन, पूरककोन हे शब्द मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत सारखे आहेत, हा मला या मुंबई इलाख्यातल्या शेजाराचाच ठसा वाटतो.

त्यातला ‘कोटिकोन’ मला फार आवडतो. नव्वदाला जेवढे कमी तेवढी कोटी. कोटिज्या हा शब्दही त्यातूनच. हा कोन मागून आणलेला वाटत नाही, आपल्या घरचा वाटतो. ‘पूरक’ मात्र घोटाळ्याचा झाला आहे. मराठीत पूरक म्हणजे १८० भरून काढणारा, हिंदीत पूरक म्हणजे ९० भरून काढणारा. १८०ला ते ‘संपूरक’ म्हणतात. बदलीच्या नोकरीतल्या आईबापांची मुले नागपुराहून भोपाळला गेली की एका शब्दाने अर्धा कोन गमावतात. पण कोटी आणि पूरक हे दोन्ही मापाचे शब्द आहेत. एक कोन पुण्यात आणि दुसरा पंढरपुरात असला तरी ते पूरक असू शकतात. संलग्न हा जागेचा शब्द आहे. या दोन जाती वेगळ्या आहेत हे मुलाला दाखवायला हवे ते ‘रेषीय जोडी’ने, जिथे जागा आणि माप एकत्र येतात : कोन लगतचे, आणि बाहेरच्या दोन भुजा मिळून एक सरळ रेषा, मग बेरीज १८०. हा शब्द इंग्रजीचा शब्दशः अनुवाद आहे आणि कानाला कोरडा लागतो. जर्मन भाषेने हा प्रश्न वेगळा सोडवला. हिल्बर्टने १८९९च्या आपल्या भूमितीच्या पायाविषयीच्या ग्रंथात ‘नेबेनविंकेल’, म्हणजे शब्दशः ‘बाजूचा कोन’, याची जी व्याख्या केली तिच्यातच बाहेरच्या भुजांनी सरळ रेषा होण्याची अट घातली. तिथे बाजूचा कोन म्हणजे आपली रेषीय जोडीच.

तिसऱ्या अटीला हक्काची जागा मिळाली तीही याच काळात. युक्लिडने पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या विधानात, सरळ रेषेवर रेषा उभी केली की दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी होते, हे सिद्ध केले. सिद्धतेत तो एक लंब काढतो आणि कोणती रेषा कोणत्या दोन रेषांच्या मध्ये आहे हे आकृतीकडे पाहून ठरवतो. ‘मध्ये असणे’ याला त्याच्याकडे नियम नाही. ही उणीव १८८२मध्ये मोरिट्झ पाश याने नेमकी दाखवली आणि भरायला सुरुवात केली. हिल्बर्टने ती व्यवस्थित मांडली. अमेरिकेत १९६०च्या सुमारास नव्या गणिताची शालेय पुस्तके आली, त्यांत कोनांची बेरीज केव्हा करता येते आणि रेषीय जोडी पूरक असते, ही स्पष्ट गृहीतके म्हणून लिहिली गेली. आपल्या सातवीच्या मुलाच्या पाठांतरातली ती तिसरी अट सव्वादोन हजार वर्षांच्या एका पोकळीवरचे झाकण आहे. मुलांना हे इतक्या शब्दांत सांगायची गरज नाही. शिक्षकाला ठाऊक असावे.

माझा खरा आक्षेप मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. आठवी-नववीत चौकोन येतो. तिथे पुन्हा ‘लगतच्या बाजू’ आणि ‘लगतचे कोन’ भेटतात. लगतच्या बाजू ठीक आहेत. त्यांचा शिरोबिंदू एक असतो. पण चौकोनाच्या लगतच्या कोनांना शिरोबिंदू सामाईक नसतोच. त्यांना एक बाजू सामाईक असते, आणि ते तिच्या दोन टोकांना बसलेले असतात. ज्या मुलाने सातवीत पहिली अट ‘शिरोबिंदू एकच हवा’ अशी पाठ केली, त्याला आता त्याच नावाखाली ती अट मोडणारे कोन दाखवतात, आणि हा बदल झाला आहे हेही सांगत नाहीत. इंग्रजीतही हाच गोंधळ आहे, म्हणून तो आपल्याकडेही जसाच्या तसा उतरला असावा. शेताच्या भाषेत असा गोंधळ होत नाही. बांधाच्या दोन अंगांची दोन शेते म्हणजे लगतची शेते. एकाच शेताचे एकाच बांधावरचे दोन टोकांचे कोपरे लगतचे नसतात; ते पुढचा आणि मागचा कोपरा असतात.

आणि गोंधळ नुसता नावाचा असता तर मी एवढे लिहिले नसते. दोन्ही ठिकाणी बेरीज १८० येते. रेषीय जोडीतील लगतचे कोन पूरक, समांतरभुज चौकोनाचे लगतचे कोनही पूरक. मूल साहजिकच समजते की हे एकच सत्य दोनदा आले. ते एक नाही. पहिले सत्य तेराव्या विधानाचे : एका बिंदूशी एक सरळ रेषा आणि एक किरण असला की पुरे, समांतर रेषांचा त्यात काही संबंध नाही. दुसरे एकोणतिसाव्या विधानाचे, आणि ते सिद्ध करताना युक्लिडला आपल्या पाचव्या, समांतरतेच्या गृहीतकाला प्रथमच हात घालावा लागला. अठ्ठावीस विधाने त्याने त्याच्यावाचून काढली होती! १८२९मध्ये लोबाचेव्हस्की आणि १८३२मध्ये बोल्याय यांनी पाचवे गृहीतक बाजूला ठेवून जी भूमिती प्रसिद्ध केली, तिच्यात पहिले सत्य जसेच्या तसे उभे राहते आणि दुसरे कोसळते. घरातल्या पृथ्वीगोलावरही हे पाहता येते. विषुववृत्तावर कुठल्याही बिंदूशी दुसरे कोणतेही बृहद्‌वृत्त काढा, लगतच्या दोन कोनांची बेरीज १८०च. पण दोन रेखावृत्ते विषुववृत्ताशी काटकोन करून निघतात, एकाच अंगाच्या दोन आंतरकोनांची बेरीज १८० असते, आणि तरीही ती ध्रुवावर जाऊन भेटतात. एका बिंदूशी टिकणारे आणि सगळ्या प्रतलावर अवलंबून असणारे, अशी ही दोन वेगळ्या किमतीची सत्ये आपण एका नावाच्या पिशवीत घालून मुलांच्या हाती देतो.

उपाय खर्चीक नाही. सामाईक शिरोबिंदूच्या कोनांना ‘लगतचे कोन’ हे नाव मुख्य करावे. ‘संलग्न’ कंसात गेला तरी चालेल. चौकोन-पंचकोनाच्या एकाच बाजूवरील कोनांना ‘क्रमागत कोन’ म्हणावे; क्रमागत संख्या मुलांना आधीच माहीत असतात. युक्लिडने ‘ओळीने येणारे’ हा शब्द नेमका दुसऱ्या जोडीला दिला होता, हे मला ठाऊक आहे. पण ग्रीकांची सोय आणि आपली सोय एक असलीच पाहिजे असे नाही. आणि काटकोन शिकवताना कोनमापक काढण्याआधी वर्गात एक गुण्या आणावा, फळ्याच्या खालच्या कडेवर टेकवून एक रेघ मारावी, तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी, आणि मुलांना विचारावे की रेघा दोन दिसतात की एक. बऱ्याच शाळांतले लाकडी गुण्ये जुने आणि झिजलेले असतात. तिथे रेघा दोन दिसतील, आणि मग नेमकी चूक किती हे मुलेच मोजतील.